मॅडम आणि माझी दुपार

तीसेक वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना शिकवलं आणि त्या सगळ्या वर्षांत दुपारी कधी डोळा मिटला नाही. दुपारी शाळेत खिचडी असायची. ती शिजली का, सगळ्यांना पुरली का, कुणाच्या ताटात खडा आला, कोण ताट न धुता पळालं, हे बघण्यात अर्धी दुपार जायची. उरलेल्या अर्ध्या दुपारी पोरं पेंगायची आणि त्यांना जागं ठेवायचा पगार मला मिळायचा. स्वतः पेंगायची मुभा नव्हती. परतीच्या एसटीत दांडा धरून उभ्यानं झोपायची कला मात्र मला साधली होती. लातूरच्या स्टँडवर कंडक्टर ओरडायचा, "बाई, उतरा आता," तेव्हा मी जागी व्हायची.

निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, गुडघे बदलून घेतात, प्लॉट घेतात. मी एवढंच ठरवलं होतं की दुपारी झोपायचं. जेवणं उरकली की मागच्या खोलीचं दार लावायचं, शहाबादी फरशीवर ओलं फडकं फिरवायचं, चटई टाकायची, पंखा मोठा करायचा आणि उशाशी एखादं जुनं मासिक उघडायचं. दोन ओळी वाचून होईस्तोवर डोळा लागायचा. चहाच्या वेळेपर्यंत मला कुणी हाक मारायची नाही, असा माझा फतवा होता. घरात आम्ही दोघंच, त्यामुळं फतवा पाळायला एकटे यजमानच होते, आणि वर्षभर त्यांनी तो इमानदारीनं पाळला. ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं होतं. हे मी लग्नाच्या वाढदिवसालाही त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

मग आमच्या लेकीनं आम्हाला भेट पाठवली. लेक हैदराबादला मोठ्या कंपनीत आहे. तिच्या घरी स्वयंपाकाला एक बाई, धुण्याभांड्याला दुसरी. आईबापांचं कसं होत असेल, ही फिकीर तिला तिथं बसून छळत असते, आणि फिकीर फार झाली की ती काहीतरी यंत्र पाठवते. या वेळी तिनं गच्चीवर सोलरच्या पाट्या बसवून दिल्या. मीटरशेजारी एक पांढरी पेटी लागली, फ्रिज, गिझर, मोटर, वॉशिंग मशीन या सगळ्यांच्या मागं एकेक हुशार बटण लागलं, आणि हॉलमधल्या कपाटावर एक वाटोळा डबा येऊन बसला. त्या डब्यातून बाई बोलते.

"आई, आता घर स्वतःच विचार करणार," लेक फोनवर म्हणाली.

"बरं झालं. कुणीतरी करायलाच पाहिजे होता," मी म्हणाले. यजमान शेजारीच बसले होते, पण त्यांचं लक्ष डब्याकडं होतं.

डब्यातली बाई मराठी बोलायची, पण कसं? आमच्या गल्लीत इतकं स्वच्छ मराठी कुणी मयतीच्या पत्रिकेतसुद्धा छापत नाही. "नमस्कार! सध्या सौर ऊर्जा मुबलक प्रमाणात उपलब्ध आहे. वॉशिंग मशीन सुरू करण्यासाठी ही उत्तम वेळ आहे." तिचा पहिला 'नमस्कार' ऐकून यजमान खुर्चीतून अर्धवट उठले होते. दुसऱ्या दिवसापासून ते तिला मॅडम म्हणायला लागले. मला गावोगावच्या लोकांनी जन्मभर बाई म्हटलं, आणि माझ्याच घरात ही कालची आलेली मॅडम झाली.

यजमानांबद्दल सांगायला हवं. नोकरीत त्यांच्या ताब्यात एक कालवा होता आणि कालव्यात पाणी नव्हतं. तरी त्यांनी तो कालवा मन लावून सांभाळला. रोज जाऊन बघायचे, पाणी आलेलं नाही याची खात्री करायचे आणि तसं वर कळवायचे. अशा माणसाला निवृत्तीनंतर एकाएकी गच्चीवर वीज तयार होताना दिसायला लागली. मोबाइलवर पिवळा डोंगर चढताना दिसायचा, ऊन कललं की उतरताना दिसायचा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या ताब्यात काहीतरी खरोखर वाहत होतं. त्यांचा आनंद मला कळत होता, आणि सुरुवातीला मला त्याचं कौतुकही वाटलं. हे लिहून ठेवते, नाहीतर लोक म्हणतील बाई पहिल्यापासूनच खवट.

मॅडमचं म्हणणं थोडक्यात असं होतं. दुपारी गच्चीवर वीज उतू जाते, तेव्हा ती घरातच वापरून टाका. संध्याकाळी सगळं गाव एकदम दिवे, पंखे, कूलर लावतं, तारांवर ताण येतो, तेव्हा हात आखडता घ्या. जो हे पाळेल त्याला शंभरातले गुण मिळतील. ऐकायला यात काही चूक नाही. मी शाळेत पोरांना विजेची बचत शिकवलेली आहे, चित्रं काढायला लावलेली आहेत. फक्त त्या चित्रांत बल्ब असायचा आणि बटण असायचं, बटण दाबणारं कुणी नसायचं.

पहिल्यांदा धुणं गेलं. म्हणजे सकाळचं धुणं दुपारी आलं. भरून ठेवली की मशीन स्वतःच सुरू व्हायची, हे कबूल. मॅडम हैदराबादहून की कुठून तिला आज्ञा द्यायची आणि ती गुरगुरायला लागायची. पण मशीनमध्ये कपडे भरायला मॅडमला हात नव्हते, आणि धुतलेले कपडे एप्रिलच्या उन्हात गच्चीवर नेऊन वाळत घालायला तर मुळीच नव्हते. लातूरच्या गच्चीवर त्या वेळी पाय ठेवून बघा. मी चप्पल घालून गेले तरी तळवे भाजायचे.

"अहो, सकाळी काय बिघडत होतं?" मी विचारलं.

"सकाळी आपण सरकारची वीज जाळायलो होतो. आता फुकटच्या उन्हावर धुवायलो," यजमान म्हणाले.

'धुवायलो' म्हणताना ते पंख्याखाली आडवे होते.

धुण्यापाठोपाठ इस्त्री आली. मग मिक्सर. चटणी वाटायची तर दुपारी, दाण्याचं कूट करायचं तर दुपारी. माझी चटई आधी अर्ध्या तासानं सरकली, मग तासानं. मी डोळे मिटायची आणि हॉलमधून आवाज यायचा, "आपल्या धुलाईचं चक्र पूर्ण झालं आहे." यजमान दारापाशी यायचे. फतवा मोडायची त्यांची हिंमत नव्हती, म्हणून ते दार वाजवायचे नाहीत, दाराबाहेर उभे राहून नुसतं खाकरायचे. त्या खाकरण्यानं झोपलेलं गाव उठलं असतं.

एकदा डब्यानं सांगितलं, "सौर पाट्यांवर धूळ साचली आहे. उत्पादनात घट होत आहे." लातुरात धूळ साचणारच, त्यात सांगण्यासारखं काय होतं? पण यजमानांचा चेहरा असा पडला की जणू घरातलं कुणी आजारी आहे. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून शिडी मी चढले. पाणी कुठलं वापरायचं हा मोठाच प्रश्न होता, कारण नळ आठवड्यातून एकदा आला तरी आमच्या गल्लीत लोक एकमेकांचं अभिनंदन करतात. मी कपडे धुतलेलं पाणी वर चढवलं. खाली उभे राहून यजमान मोबाइलमध्ये बघत होते. "चढायलाय! आकडा चढायलाय!" ते ओरडले. मीही चढलेलीच होते, पण ते मोबाइलमध्ये दिसत नव्हतं.

नळावरून तर आमचं खरं भांडण झालं. नळ आमच्याकडं विचारून येत नाही. त्या दिवशी तो नेमका दिवेलागणीला आला, म्हणजे मॅडमच्या मते ताणाच्या वेळी. गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या, आमची गप्प. "विजेची मागणी सध्या जास्त आहे. मोटर रात्री सुरू करण्याची शिफारस आहे," डबा म्हणाला. नळ रात्रीपर्यंत थांबत नसतो, हे लातूरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. यजमानांनाही ठाऊक होतं. तरी ते डब्यापुढं उभे राहून, "मॅडम, पाणी जाईल हो," असं आर्जव करत होते. मी बाहेर गेले, हुशार बटण उपटून काढलं आणि मोटरची पिन सरळ सॉकेटात खुपसली. हौद भरला. पण गुण घसरले, आणि यजमान दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्या दोन दिवसांत आंघोळी मात्र त्याच पाण्यानं केल्या.

इथपर्यंत सगळं घरातल्या घरात होतं. मग त्यांनी जे केलं, ते आमच्याच भागातला माणूस करू जाणे. मॅडमनं सांगितलं होतं, "आपल्या दुपारच्या विजेचा बराच भाग शिल्लक राहत आहे. घरातील वापर वाढवल्यास आपले गुण वाढतील." आता दोन माणसांच्या घरात वापर वाढवायचा म्हणजे किती वाढवायचा? यजमानांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी घरात घरघंटी आली. आणि चौथ्या दिवशी ते गल्लीत घरोघर जाऊन सांगून आले, "ताई, दुपारी आमच्याकडं दळण घेऊन येत जा. करंट लई उरायलाय. वाया जाण्यापेक्षा तुमच्या भाकरीला लागू दे."

आमच्याकडं माणूस मनानं असा उदार असतो. त्यात खोट काढायला जागा नाही. वीज उरली म्हणून त्यांना गल्लीची भाकर आठवली, याचं कुणालाही बरंच वाटेल, मलाही वाटलं असतं. पण दळण घेऊन येणारी बाई डबा उंबऱ्यावर ठेवून निघून जात नसते. ती बसते. घरघंटी एका डब्याला वेळ घेते, तोवर दुसरी डबा घेऊन येते, तीही बसते. ज्वारीनंतर कुणाचे गहू आले तर घंटी झाडावी लागते, नाहीतर पोळीत ज्वारीचं पीठ येतं आणि वर्षभर बोल येतो. आणि दुपारी दारात आलेल्या बाईला चहा न देता लावून द्यायची रीत आमच्या घरात नाही. चहा गॅसवर व्हायचा, म्हणून तो मॅडमच्या हिशेबात नव्हता. साखर नव्हती, दूध नव्हतं, कप विसळणं नव्हतं. गुण तेवढे वाढत गेले.

बायका चांगल्या होत्या, खरं सांगते. एकीची सून, एकीची सासू, एकीचा थायरॉइड, सगळं मला तोंडपाठ झालं. एखाद्या दिवशी मला त्यांच्यात बसून मजाही यायची. पण रोज? माझी चटई कोपऱ्यात गुंडाळून उभी होती. फरशीवर पीठ उडालेलं असायचं. घंटीच्या घरघरीत बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि चार बायका ओरडून बोलत असताना डबा मधेच म्हणायचा, "अभिनंदन! आज आपण उत्कृष्ट कामगिरी करत आहात." यजमान आतल्या खोलीतून, म्हणजे माझ्या खोलीतून, समाधानानं हुंकार द्यायचे. तिथं शांत होतं ना.

मला राग यायचा. त्याला दुसरा शब्द नाही. माझं डोकं दुपारनंतर ठणकायला लागायचं, संध्याकाळी भाकरी थापताना मी परातीवर हात आपटायची. लेकीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, अगं तू काम वाढवलंच नाहीस, नुसती वेळ बदलली."

"वेळच तर माझी होती," मी म्हणाले. तिला मीटिंग होती.

गुणांच्या जोरावर आम्ही आमच्या भागात पहिले आलो. ती यंत्रं विकणाऱ्या लोकांनी नांदेडला कार्यक्रम ठेवला आणि 'आदर्श ऊर्जा कुटुंब' म्हणून आमचा सत्कार करायचं ठरवलं. पत्र आलं, फोन आला, पुन्हा फोन आला की जोडीनं यायचं आहे, फोटो जोडीचा लागतो. यजमानांनी लग्नातल्यासारखा सफारी शिवून घेतला. मी जायला तयार झाले याचं एकच कारण होतं. कार्यक्रम दुपारी होता आणि हॉल एसी होता. मागच्या रांगेत खुर्ची मिळाली तर भाषणांत माझा डोळा लागेल, असा माझा बेत होता.

सकाळी एसटीनं निघालो. चाकूर, अहमदपूर, लोहा, प्रत्येक स्टँडवर यजमान मोबाइल उघडून गच्चीवरचं ऊन बघत होते. "डोंगर चढायलाय," ते मला सांगायचे. खिडकीबाहेरही ऊन चढतच होतं, ते बघायला मोबाइल लागत नव्हता. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून अहमदपूरपासून लोह्यापर्यंत झोपले. त्या झोपेसाठी मी त्यांचे आभारही मानले असते, पण त्यांनी लोह्याला मला हलवून उठवलं आणि मोबाइल दाखवला.

हॉल मोठा होता. आम्हाला अर्थातच पहिल्या रांगेत बसवलं, माझा बेत तिथंच फसला. दोन-तीन भाषणं झाली. एका साहेबांनी सांगितलं की यंत्राची बुद्धी आता माणसाच्या सवयी शिकते आणि सगळ्या गावाच्या विजेचा तोल सांभाळते. मला वाटलं, बरोबर आहे, सवयी शिकली ती. फक्त कुणाच्या शिकली, ते तिला ठाऊक नाही. मग यजमानांना बोलावलं, शाल दिली, श्रीफळ दिलं आणि माइक हातात दिला. त्या माणसाला जन्मात कुणी माइक दिला नव्हता. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"पहिलं मी धुणं सकाळी करत होतो, ते मी दुपारी घेतलं," ते म्हणाले. "मग मी इस्त्री दुपारी घेतली. मी मिक्सर दुपारी लावायलो. पाट्यांवरची धूळ मी आठवड्याला पुसून घेतो. आणि मी घरघंटी घेतली, पूर्ण गल्लीचं दळण मी आता दुपारी काढून देतो."

टाळ्या वाजल्या. माझ्या शेजारच्या खुर्चीवरची अनोळखी बाई माझ्याकडं वळून म्हणाली, "नशीबवान हाव बाई तुम्ही. आमचे तर ताटसुद्धा उचलून ठेवीत न्हाईत." मी नुसतं तिच्याकडं बघून हसले, आणि ते हसू माझ्या तोंडावर तसंच राहिलं, उतरेना.

ते खोटं बोलत नव्हते, हेच सगळ्यात वाईट होतं. मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यांना मनापासून वाटत होतं की हे सगळं त्यांनी केलंय. मोबाइलमध्ये ते रोज बघत होते ना, धुणं झालं, दळण झालं, वापर वाढला, गुण वाढले, आणि वर नाव त्यांचं. डब्यानं रोज अभिनंदन त्यांचं केलं होतं. मधे माझे हात कुठं होते, हे त्यांना आठवतच नव्हतं. तीस वर्षं शाळेत मी कुणाचं काम कुणी आपल्या नावावर खपवलं की कान धरायची. इथं कान सफारीतला होता आणि स्टेजवर होता.

"वा वा! आता आपण त्यांचं घर थेट पडद्यावरच बघूया," साहेब उत्साहात म्हणाले. "आत्ता, या क्षणाला!"

मागच्या मोठ्या पडद्यावर आमचं घर आलं. म्हणजे पिवळा डोंगर आला, भरदुपारचा, टोकाला पोचलेला. आणि त्याच्या पायथ्याशी घरातला वापर दाखवणारी निळी रेघ सरळ आडवी पडली होती. नुसता फ्रिज चालू होता. बाकी सगळं बंद. साहेबांनी पडदा पुढं सरकवला, मागं आणला, पुन्हा उघडला. रेघ जागची हलेना. तेवढ्यात हॉलभर तो ओळखीचा स्वच्छ आवाज घुमला. "नमस्कार! नेहमीची दुपारची कामं आज सुरू झालेली नाहीत. आपल्या घरातील एखाद्या उपकरणात बिघाड असण्याची शक्यता आहे. तंत्रज्ञ पाठवू का?"

यजमान माइक हातात धरून पडद्याकडं बघत होते. खरंच सांगते, त्यांच्या तोंडावर काळजी होती. कोणतं उपकरण बिघडलं, हे ते आठवत होते.

मी उभी राहिले. मला बोलायचंच होतं असं नाही, पण पाय उभे राहिले होते. वर्गात बोलायची सवय असल्यानं मला माइक लागत नाही.

"तंत्रज्ञ पाठवू नका," मी म्हणाले. "बिघाड काही झाला न्हाई. ते उपकरण आज हितं येऊन बसलंय."

आधी कुणाला कळलं नाही. मग मागच्या रांगेतून एक बाई हसली, तिच्या शेजारची हसली, आणि हसू पुढं येत येत सगळा हॉल हसायला लागला. बायका जास्त वेळ हसत होत्या. माझ्या शेजारच्या बाईनं तर माझा हातच घट्ट धरला. यजमानांना सगळ्यात शेवटी कळलं, आणि मग तेही हसले, आणि माइकवर म्हणाले, "बघा! आमची खरी मशीन ही हाय!" त्यावर आधीच्याहून मोठ्या टाळ्या पडल्या.

त्या टाळ्यांत मला रडू येईल असं वाटलं. ते प्रेमानं बोलले होते, मला कळत होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. एवढं बोलून झालं, आणि त्याचा त्यांनी काढलेला अर्थ हा? साहेबांनी प्रसंग सावरायला लगबगीनं जाहीर केलं की वहिनींचाही सत्कार व्हायलाच पाहिजे, आणि मला स्टेजवर बोलावून विजेवरचा कुकर दिला. साहेब वाकून म्हणाले, "दुपारच्या उन्हावर स्वयंपाकसुद्धा होतो, वहिनी. मॅडम सांगतील तेव्हा नुसतं लावायचं." मी कुकर घेतला. फोटोत मी तो पोटाशी धरून उभी आहे, आणि यजमान माझ्या शेजारी नारळ घेऊन.

परतीच्या एसटीत ते खुशीत होते. "तुझ्यामुळं कार्यक्रमाला रंगत आली," ते म्हणाले. "साहेबसुद्धा हसले."

"अहो, मी गंमत न्हाई केली," मी म्हणाले.

"मग?"

"मला माझी दुपार पाहिजे."

त्यांच्या तोंडावर नुसतं नवल होतं. "घे की," ते म्हणाले. "कोण नको म्हणालंय?"

खरंच, कुणी नको म्हटलं होतं? त्यांनी नाही, लेकीनं नाही, गल्लीतल्या बायकांनी नाही. मॅडमनं तर जन्मात 'नको' हा शब्द उच्चारला नव्हता, ती नुसती शिफारस करायची. मी अहमदपूरपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. मग मी त्यांना म्हणाले, "उद्यापासून घेते. नको म्हणू नका म्हणजे झालं." ते मान हलवून "हाव" म्हणाले आणि मोबाइल उघडला. ऊन उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी जेवले. हात धुतले. दळणाचे डबे घेऊन आलेल्या दोघींना दारातच सांगितलं की आजपासून घंटी दुपारी बंद, संध्याकाळी आणा, विजेचे पैसे मी भरते. त्या काही न विचारता परत गेल्या. एकीनं जाता जाता म्हटलं, "मलाबी दुपारचं यायला जीवावरच यायचं बाई, पण सर बोलवत होते." मग मी फरशी पुसली, चटई टाकली, दार आतून लावलं, कडी घातली.

थोड्या वेळानं डबा बोलला. मुबलक सौर ऊर्जा, उत्तम वेळ, सगळं तेच. मग पुन्हा बोलला. मग यजमान दारापाशी येऊन खाकरले. मी पडून राहिले. ते पुन्हा खाकरले, आणि मग त्यांनी पहिल्यांदाच दारावर टकटक केली.

"अगं, ऊन वाया चाललंय."

"जाऊ द्या," मी आतून म्हणाले. "ऊन उद्या परत येतंय. माझी दुपार येत न्हाई."

ते दाराशी उभे होते, त्यांची सावली फटीतून दिसत होती. मग सावली गेली. मशीनचं झाकण उघडल्याचा आवाज आला, बालदी सरकवल्याचा आला, काहीतरी खाली पडलं. डबा म्हणाला, धुलाईसाठी वाट पाहत आहे. आणि मग त्यांचा आवाज, हळू, जरा घाबरलेला, "ऐकलं का? यात साबण कुठं टाकतात?"

मी उत्तर दिलं नाही. मी झोपले होते.